दोष गाईचा की वळूचा?

सुरतेच्या पांडेसरा वसाहतीत रंगाच्या वाफेत ज्यांचे आयुष्य जाते, त्या खानदेशी कामगारांस रंगाचा स्वभाव आम्ही शिकवावा असे नाही. पाण्याची ऊब उतरली की रंग बसत नाही, आणि त्यात दोष रंगाचा नसून हाताळणीचा असतो, हे ते जाणतात. यांपैकी कित्येकांचे भाऊबंद धुळे-नंदुरबारकडे गाईम्हशी सांभाळून आहेत. येथल्या पगारातून तिकडे दावणीला म्हैस उभी राहते. ती गाभण राहिली नाही, तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणूनच जनावरांच्या रेतपरीक्षेचा विषय आज येथे घेत आहोत. वाचकांस तो अप्रशस्त वाटू नये.

गाय उलटली की पुढच्या माजाची वाट पाहण्यात सुमारे २१ दिवस जातात. तीनदा उलटली तर दोन महिन्यांचा चारा फुकट. मग निकाल लागतो तो गाईविरुद्ध: ती भाकड ठरते आणि बाजार दाखविला जातो. वळूला मात्र कोणी जाब विचारीत नाही.

शास्त्र मागासलेले आहे असे नव्हे. आपल्या देशात कृत्रिम रेतनाचा आरंभ १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या गोशाळेत झाला. ग्लिसरीनमुळे रेत गोठविण्यातून वाचते, हे १९४९ मध्ये इंग्लंडात सिद्ध झाले. १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला स्थापिलेल्या संस्थेने हे तंत्र आपल्या शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रात ठेवलेली रेतकांडी वितळविल्यावर निम्मे शुक्राणू तरी हालते असावेत, ही कसोटी चांगली केंद्रे पाळतात. आमची तक्रार त्यांच्याविषयी नाही. गावचा रेडा आणि खेड्यातील नत्रपात्राच्या तळाशी उरलेली कांडी, या दोहोंची परीक्षा कोण करतो, हा आमचा प्रश्न आहे. नत्राची पातळी एकदा खाली गेली, की पुन्हा भरून गेलेला जीव परत येत नाही. बाहेरून कांडी मात्र तशीच दिसते.

परीक्षा होत नाही याचे एक कारण असे, की ताजा नमुना प्रवास सोसत नाही. इओसिन-निग्रोसिन या रंगात मेलेला शुक्राणू गुलाबी होतो, जिवंत काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा राहतो; कारण जिवंत पेशीचे आवरण इओसिनला आत येऊ देत नाही. पण ही काचपट्टी तेथल्या तेथे, रेत ताजे असतानाच केली पाहिजे. काच आणि रंग अंगाच्या उबेचे हवेत. थंड काचेवर धडधाकट शुक्राणूही मरतो आणि निर्दोष वळू नापास होतो. आपल्या किनारपट्टीच्या पावसाळी हवेत काचपट्टी लवकर सुकत नाही, ही आणखी एक पीडा. तेव्हा ती किंचित उबदार पाटीवर झटपट वाळवावी.

दुसरा नमुना फॉर्मलिन घातलेल्या क्षारजलात ठेवावा. त्यात रेताचे थोडे थेंब पडले, की शुक्राणूंचे रूप स्थिर होते आणि तालुक्याहून प्रयोगशाळेपर्यंतचा प्रवास ते सहज सोसतात. डोके विकृत आहे काय, शेपटी वळलेली आहे काय, हे सावकाश पाहता येते. सदोष शुक्राणू २० टक्क्यांच्या वर गेले, तर त्या वळूविषयी शंका घेण्यास जागा आहे. परंतु या कुपीतले सर्वच शुक्राणू मेलेले असतात. जिवंत किती होते, हे ती सांगू शकत नाही. म्हणून काचपट्टी आणि कुपी दोन्ही हव्यात, एकीवर भागत नाही. फॉर्मलिनची वाफ जिवंत रेतास घातक असल्याने ती कुपी बंद आणि रेतापासून दूर ठेवावी, हे तर सांगावयासच नको. पण घाईत हेच विसरले जाते.

यास काही मोठा खर्च लागत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रंग, काचपट्ट्या आणि कुप्या ठेवाव्यात. गावच्या रेड्याची वर्षातून एकदा तरी तपासणी व्हावी. नत्रपात्रातील एखादी कांडी अधूनमधून वितळवून पाहावी. वाचन परळ किंवा नवसारीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात होऊ शकेल. मात्र कुपीवरील चिठ्ठीत जनावराचा क्रमांक, रेत घेतल्याची तारीख आणि तास लिहिलेला असावा, आणि आलेले उत्तर दवाखान्याच्या कपाटात न राहता गाईम्हशींच्या मालकांस वाचून दाखविले जावे.