गिरण्यांची जमीन गेली, रेल्वेची तरी राखा



परळ-लालबागला गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसे होती. माझे वडील त्यातलेच, साचे खात्यातले. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. वडील पुन्हा कामावर गेलेच नाहीत. पुढे मॅट्रिक होऊन मी रेल्वेत खलाशी म्हणून लागलो, म्हणून आमचे घर तगले. शेजारची अनेक घरे तगली नाहीत.

माणसे उठली, जमीन राहिली. ऐन मुंबईत सुमारे 600 एकर! 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने तिचे तीन वाटे ठरवले. एक महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. वाटणी वाईट नव्हती. पण 2001 साली सरकारने नियमात दुरुस्ती केली. वाटणी फक्त मोकळ्या जागेची होणार, शेडखालची जमीन शेड पाडल्यावरही मालकाची! गिरणीत मोकळी जागा असते किती? सारी जमीन शेडखालीच. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली लोकांच्या बाजूने निकाल दिला, पण 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली.

वशिला म्हणजे पाकीट, एवढेच आपल्याला ठाऊक. खरा वशिला कायद्याच्या एका ओळीत बसतो. तिथे कोणाला लाच द्यावी लागत नाही, पोलीस येत नाहीत, सगळे नियमानुसार होते. आणि सत्तेवर कोणत्याही रंगाचा झेंडा असो, ती ओळ कोणी खोडत नाही.

उरलेल्या वाट्यातून 2012 साली गिरणी कामगारांसाठी 6,925 घरांची सोडत निघाली. अर्ज होते दीड लाखाच्या आसपास.

आता आपल्या खात्याकडे वळू. गिरण्यांच्या जागी टॉवर आणि कचेऱ्या आल्या. तिथे जाणारा नोकरदार उतरतो आपल्याच स्टेशनांवर. 29 सप्टेंबर 2017, दसऱ्याची आदली सकाळ, पाऊस. एल्फिन्स्टन रोड आणि परळ जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसे मेली. नव्या पुलाला मंजुरी होती, पूल नव्हता. नंतर लष्कराने काही महिन्यांत तिथे पूल उभा केला. म्हणजे पूल होऊ शकत होता. टॉवरसाठी नियम बदलायला सवड होती, चालणाऱ्या माणसासाठी नव्हती.

यात आपलाही दोष आहे. 2001 साली आम्ही रेल्वेवाले गप्प बसलो. गिरणीचा प्रश्न गिरणीवाल्यांचा, असे मीही म्हणालो होतो. घरात त्याच गिरणीचा कामगार बसलेला असताना!

आज पाळी आपली आहे. रेल्वे कायद्यात 2005 साली दुरुस्ती होऊन रेल भूमी विकास प्राधिकरणाची वाट मोकळी झाली आणि रेल्वेची जमीन खाजगी विकासकांना दीर्घ भाडेपट्ट्याने देता येऊ लागली. भुसावळ असो, नागपूर असो, इटारसी असो, जुन्या क्वार्टर्सच्या जागेवर उद्या कोणाचेही बोट पडेल. पोस्टाच्या मोक्याच्या जागाही कोणाच्या नजरेत नाहीत असे समजू नका.

जमीन विकसित होऊ नये, असे माझे म्हणणे नाही. पण प्रत्येक शाखेने ठराव करावा: आधी कर्मचाऱ्यांची घरे आणि प्रवाशांचा रस्ता, मग भाडेपट्टा. कराराच्या अटी युनियनला आधी दाखवा. आणि नियमातली दुरुस्ती येईल तेव्हा तिची प्रत्येक ओळ वाचा. आम्ही वाचली नव्हती.