आपल्या गावचा उन्हाळा कुठल्या रकान्यात शोधायचा?



महाशिवरात्र झाली. थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असं आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात. आमच्या खजुरी भागात तर ती मागे वळूनही बघत नाही. आता थोड्याच दिवसांत भारतीय हवामान विभागाचा मार्च ते मे महिन्यांचा अंदाज येईल. टीव्हीवर 'यंदा उन्हाळा कडक' अशी पट्टी फिरेल आणि माझा फोन वाजू लागेल. पुण्यातून, बेंगळुरूतून, हैदराबादेतून एकच प्रश्न येतो, "काका, मे महिन्यात मुलांना घेऊन गावी यावं की नको?" म्हणून यंदा अंदाज हाती येण्याआधीच तो वाचायचा कसा, ते लिहितो.

पहिली अडचण आपल्या पत्त्याची आहे. मराठी वाहिनीवरचा नकाशा उमरग्याला संपतो. बेंगळुरूच्या बातम्यांत बेंगळुरूचा पाऊस असतो. आपण मधल्या मध्ये. हवामान विभागाने कर्नाटकाचे तीन भाग केले आहेत: किनारपट्टी, उत्तर अंतर्गत आणि दक्षिण अंतर्गत. आळंद तालुक्यातलं खजुरी 'उत्तर अंतर्गत कर्नाटक'मध्ये येतं, बिदरही त्यातच. पण रस्त्याने पुढे उमरग्याला गेलात की 'मराठवाडा' लागतो आणि अक्कलकोटच्या बाजूला वळलात की 'मध्य महाराष्ट्र'. बिदरच्या पलीकडे तेलंगणा आहेच. ऊन काही चेकपोस्टवर थांबत नाही. म्हणून राज्याचा रकाना सोडा आणि जिल्हे बघा: कलबुर्गी, बिदर, धाराशिव, सोलापूर. चारही ठिकाणी एकच रंग दिसला तर समजा, तो आपलाही आहे.

आपल्याकडे एवढं तापतं का, हे मुलं नेहमी विचारतात. समुद्र लांब आहे, त्यामुळे दुपारी गार वारा येत नाही. तूर आणि ज्वारी निघून गेली की काळी रानं उघडी पडतात, त्यांतली ओल संपते. ओल असली की उन्हाची बरीच शक्ती ती सुकवण्यात खर्च होते; ती नसली की सगळी माती आणि हवा तापवण्यात जाते. शिवाय मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर आपल्या माथ्यावर येतो. अंगणात काठी उभी करून बघा, त्या वेळी सावली काठीच्या बुडाशी गोळा होते. त्या दिवसांत गावात कुणी भेटलं की पहिलं वाक्य तेच, "भाळ बिसिल अद!" मराठी घरातही ते कानडीतच निघतं.

गोव्यात किंवा कारवारला राहणाऱ्यांना मात्र आमचे आकडे ऐकून धास्ती वाटते. त्यांनी लक्षात ठेवावं की मोजपट्टी वेगळी आहे. सपाट प्रदेशात पारा निदान 40 अंशांवर आणि नेहमीपेक्षा 4.5 अंश किंवा जास्त वर गेला, तर उष्णतेची लाट मानतात. किनाऱ्यावर हीच अट 37 अंशांपासून लागू होते, कारण तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही. पारा 45 वर गेला, तर मात्र नेहमीचं तापमान न बघताही लाट धरतात. सरकारलाही आमच्या उन्हाची कल्पना आहे. कलबुर्गी विभागात एप्रिल-मेमध्ये सरकारी कचेऱ्या सकाळी 8 ते दुपारी दीड अशा चालवण्याची पद्धत आहे. तेव्हा सुट्टीत उताऱ्याचं किंवा दाखल्याचं काम काढलंत, तर सकाळीच गाठा.

आता मूळ गोष्ट. तीन महिन्यांचा अंदाज म्हणजे तारखांचं पंचांग नव्हे. तिथे नेहमीपेक्षा जास्त, नेहमीइतकं आणि नेहमीपेक्षा कमी, असे तीन कप्पे असतात आणि कोणत्या कप्प्याची शक्यता किती, एवढंच सांगतात. दोन वर्षांची उदाहरणं बघा. 2024 च्या एप्रिलमध्ये हवामान विभागाने सांगितलं होतं की एरवी 4 ते 8 दिवस लाटेचे असतात, ते यंदा काही भागांत 10 ते 20 होऊ शकतात. उत्तर कर्नाटकाचं नाव त्यात होतं. त्याच उन्हाळ्यात 7 मेला कलबुर्गी, बिदर, धाराशिव, लातूर आणि सोलापूरचं लोकसभेचं मतदान एकाच दिवशी होतं. 2025 लाही उत्तर कर्नाटकासाठी जास्त लाटांचा इशारा होता. पण त्या वर्षीचा मे महिना 1901 पासूनच्या नोंदींत देशभरातला सर्वाधिक पावसाचा मे ठरला आणि मान्सून 24 मेलाच केरळात पोचला. म्हणून मोसमाच्या अंदाजावर सामान आणि पाणी यांची तयारी करावी. तिकिटाची तारीख ठरवताना दर गुरुवारी येणारा पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज बघावा आणि घराबाहेर पाऊल टाकताना जिल्ह्याचा त्या दिवसाचा रंग. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. 2024 च्या मेमध्ये आमच्या शेजारच्या शेतातले पंचाहत्तरीचे एक आजोबा मोटार सुरू करायला भर दुपारी रानात गेले. वीज त्याच वेळी यायची, काय करणार? लिंबाखाली बसलेले सापडले. अंग तव्यासारखं, बोलणं असंबद्ध. पोरांनी आधी सावलीत आडवं करून अंगावर पाणी ओतलं, ओल्या धोतराने वारा घातला आणि मग टेम्पोतून आळंदला नेलं. आजोबा वाचले. त्यांची तिन्ही मुलं तीन शहरांत आहेत, आणि त्या दिवशी जिल्ह्याला इशारा होता हे तिघांच्याही मोबाइलवर दिसत होतं. गावात मात्र आजोबांना कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून तरुण मंडळींना काही कामं देतो. मोबाइलवर 'मौसम' हे अॅप घ्या, विजांसाठी 'दामिनी' घ्या. मेमधल्या वळवाच्या विजा आपल्याकडे माणसं आणि गुरं दोन्ही घेतात. आजी-आजोबांना रक्तदाबाची किंवा लघवी जास्त होणारी गोळी असेल, तर उन्हाळ्यात पाणी किती प्यायचं आणि डोस बदलायचा का, हे त्यांच्या डॉक्टरांना आताच विचारा. मनाने गोळी बंद करू नका. जुनं माळवदाचं घर पाडून स्लॅब किंवा पत्रे टाकले असतील, तर छतावर पांढरा चुना मारून घ्या. रात्री झोप लागते की नाही, ते छत ठरवतं. ताक, आंबील, पन्हं हे घरात आहेच. कुणी बरळायला लागलं, शुद्ध हरपली, तर पाणी पाजायची घाई नको. अंग गार करा आणि 108 ला फोन लावा.

आणि मुलांना गावी आणावं का? जरूर आणा. सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर रान त्यांचंच आहे, दुपार ओसरीवर पत्त्यांची. फक्त या उन्हाळ्यात प्रत्येक घरातल्या एका मुलाने किंवा मुलीने गुरुवारचा फोन आपल्याकडे घ्यावा. अंदाज बघायचा, गावी फोन लावायचा आणि आजोबांना त्यांच्या भाषेत सांगायचं, "शनिवारी-रविवारी रानात जाऊ नका, मोटार गड्याला सकाळी बघायला सांगा." मार्चचा अंदाज आला की पुढच्या अंकात आपल्या चारही जिल्ह्यांचे आकडे घेऊन भेटतो.