गाठ गेली, आता हाताकडे बघा

आपल्या घरात एखाद्या बाईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं, केमो होते, रेडिएशन होतं. डॉक्टर म्हणतात, आता दर काही महिन्यांनी दाखवायला या. घरचे शुक्राना अदा करतात आणि आजार संपला असं सगळे धरून चालतात. पण वर्ष-दीड वर्षाने ईदच्या आदल्या रात्री तिच्या हातात बांगडी चढत नाही. अंगठी रुतते. कुर्त्याची एकच बाही तंग होते. हात जड वाटतो. ती कोणाला सांगत नाही, कारण जिवावरचं दुखणं हातावर निभावलं, आता त्या हाताची काय तक्रार करायची!

या सुजेला लिम्फेडिमा म्हणतात. ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिका गाठी काढाव्या लागतात, काहींना तिथे रेडिएशनही द्यावं लागतं. हातातलं लसिका नावाचं पाणी परत नेणाऱ्या बारीक नळ्यांची वाट त्यामुळे अडते आणि पाणी हातातच साठत जातं. हत्तीपायात जे घडतं त्याचीच ही बहीण, फक्त कारण वेगळं. 2013 साली जगभरच्या अभ्यासांची एक मोठी मोजदाद झाली. काखेतल्या गाठी सरसकट काढलेल्या बायकांपैकी शंभरात सुमारे 20 जणींना ही सूज आली, तर तपासणीपुरत्या मोजक्याच गाठी काढलेल्यांत शंभरात पाच-सहा जणींना. म्हणून ऑपरेशनआधी विचारलंच पाहिजे: डॉक्टर, माझ्या किती गाठी काढणार, आणि कमी काढून भागेल का? हा प्रश्न विचारणं बेअदबी नाही.

सूज बहुतेकींना पहिल्या दोन-तीन वर्षांत येते. सुरुवातीला हात उंच ठेवला की ती उतरते. याच टप्प्यावर पकडली तर दाबाची बाही, पट्ट्या आणि व्यायाम यांनी ती आटोक्यात राहते. तशीच राहू दिली तर आतली चरबी आणि कातडी घट्ट होत जाते. मग हात पहिल्यासारखा होणं अवघड.

लवकर ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. शिंप्याची टेप पुरते. ऑपरेशनच्या आधीच दोन्ही हात मनगटाशी, कोपराच्या खाली आणि वर ठरलेल्या अंतरावर मोजायचे आणि आकडे लिहून ठेवायचे. कामाचा हात मुळातच थोडा जाड असतो, म्हणून आधीचं माप नसेल तर नंतरच्या मापाला अर्थ उरत नाही. पुढे दर तीन महिन्यांनी तेच माप. फरक दोन सेंटीमीटरच्या घरात जायची वाट न बघता, वाढतोय असं दिसताच फिजिओथेरपिस्टकडे जायचं.

आता राहनाळचा विचार करा. इथली बाई गोदामात पॅकिंग करते, नाहीतर घरी बसून धागे कापते, मोती लावते. तिचा हात म्हणजे तिचा रोज. परळला टाटा हॉस्पिटलला जायचं तर आधी ठाणं गाठायचं, मग लोकल, दिवसाचा खाडा आणि सोबत कुणीतरी. कॅन्सरसाठी ती हे करते. सुजेसाठी करणार नाही.

मग घरचे उपाय सुरू होतात. खाला जोर लावून मालिश करते. कुणी हिजामा सुचवतं. कुणी दंडाला घट्ट तावीज बांधतं. नीयत चांगली असते, पण या हाताला हे तिन्ही घातक आहेत. फिजिओथेरपिस्ट जो मसाज देतात तो अगदी हलका, ठरावीक दिशेने असतो. जोरकस मालिशने आधीच अडलेल्या नळ्यांना इजा होऊ शकते. हिजामाच्या चिरांतून जंतू शिरतात, आणि अशा हातात जंतुसंसर्ग वणव्यासारखा पसरतो. हात लाल झाला, गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. वुजू करणारीने वुजूनंतर बोटांच्या फटी टिपून कोरड्या कराव्यात आणि हाताला तेल किंवा क्रीम लावावं. भेगा न पडलेली कातडी हेच पहिलं कुलूप.

दुसरा गैरसमज, 'त्या हाताने काहीच उचलू नको'. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत सूज असलेल्या बायकांना देखरेखीखाली हळूहळू वजन उचलायला शिकवलं. सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. म्हणजे भरलेला हंडा एकदम उचलू नये, पण हात बांधूनही ठेवू नये. वजन आटोक्यात ठेवणंही तितकंच महत्त्वाचं.

माझं म्हणणं असं की हे काम हॉस्पिटलच्या दारापेक्षा गल्लीत व्हायला हवं. टाटाने 1998 पासून मुंबईच्या 20 वस्त्यांत दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने स्तनतपासणी केली. 2021 मध्ये निकाल आला: पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. जी सेविका गाठ शोधू शकते, ती टेप धरू शकणार नाही का? तिशीवरच्या बायकांची कॅन्सर तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. उपचार घेऊन परतलेल्या बाईच्या हाताचं माप त्याच आशा ताईंच्या वहीत का असू नये? महात्मा फुले योजनेत ऑपरेशन होत असेल तर दाबाची बाही कोण देणार, हेही आपल्या नगरसेवकाला, आमदाराला विचारलं पाहिजे.

आणि थोडं आपल्याच जमातीला. छातीचा आजार म्हटला की आपण आवाज खाली आणतो. लेकीचं स्थळ मोडेल म्हणून आईचा आजार लपवतो. शरीर ही अल्लाहची अमानत आहे असं आपण बयानात ऐकतो. मग अमानतीची निगा राखण्यात लाज कसली? बायकांच्या इज्तेमात, बचत गटाच्या बैठकीत पाच मिनिटं यावर बोलता येतील.

तुमच्या घरात, शेजारात असं ऑपरेशन झालेली किंवा होणार असलेली कुणी असेल तर तिला ही माहिती वाचून दाखवा. शिलाईच्या डब्यात टेप असेलच. आज माप घ्या आणि तारीख टाकून लिहून ठेवा.