सांधा वाळू द्या की!

गोंदियाला अगदी लागून असलेल्या आमच्या कुडव्यात गॅस येऊन बरीच वर्षं झाली. तरी परसातली चूल काही गेलेली नाही. थंडीत आंघोळीचं पाणी तापवायला, पाहुणे जमले की मोठ्या गंजात भात शिजवायला ती लागतेच. सिलिंडर पुरवून वापरायचा असतो ना! तेव्हा हा लेख 'गेले ते दिवस' छापाचा समजू नका, विषय आजचाच आहे.

माझं म्हणणं एवढंच. चूल लिंपणं हे निम्मं काम, ती वाळू देणं हे उरलेलं निम्मं. आणि हे उरलेलं निम्मं कुणी कामात धरतच नाही.

निर्धूर चुलीचंच बघा. पुढच्या तोंडाखाली जाळ, तिथून गरम हवा बोगद्यातून दुसऱ्या भांड्याखाली आणि मग धुराड्यातून बाहेर. धुराडं ओढतं ते मधे कुठे फट नसेल तरच. पाइपाच्या बुडाशी लिंपलेली माती तडकली की गार हवा तिथूनच आत शिरते, ओढ मंदावते आणि धूर पुढच्या तोंडातून थेट बाईच्या डोळ्यांत!

सांधा तडकतो का? बहुतेकदा घाईमुळे. ओल्या मातीवर जाळ केला की वरचा थर आधी सुकून आकसतो, आतलं पाणी अडकतं आणि त्याची वाफ होते. पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा वाफेला लागते, ती जाणार कुठे? आपल्याकडे मातीत धानाचा भुसा घालतात तो उगाच नाही. भुशाने माती धरून राहते आणि ओल बाहेर पडायला वाट मिळते. पण भुसा घातला तरी सावलीत वाळायला दिवस द्यावेच लागतात. मग आधी थोड्या काटक्यांचा जाळ, मोठी लाकडं नंतर.

थंड देशांतल्या लोखंडी स्टोव्हचंही असंच. दाराभोवती काचतंतूची दोरी चिकटवतात, तिला गॅस्केट म्हणतात. दारात कागदाचा कपटा धरून दार लावायचं आणि ओढून बघायचं. सहज निघाला तर गॅस्केट बदलायची वेळ झाली. डिंक पूर्ण वाळेपर्यंत तिथेही थांबावं लागतं. फरक इतकाच की तिथे ते डब्यावर छापलेलं असतं, आपल्याकडे सासूने सुनेला सांगायचं असतं. :)

आता खरा मुद्दा. १९८० च्या दशकात सुरू झालेला राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम केंद्र सरकारने २००२ मध्ये बंद केला. तोवर कागदावर तीन कोटींहून जास्त चुली बसल्या होत्या. मोजल्या गेल्या त्या बसवलेल्या चुली. महिन्याभराने सांधा शाबूत आहे का, हे कोण बघणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुराने २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली. एवढ्याशा फटीचा हिशेब असा मोठा होतो.

पण "बायकांना धीर नाही" असं कुणी म्हणू नये हं. घरात एकच चूल असेल तर चार दिवस रांधायचं कुठे? संध्याकाळी भात तर हवाच असतो. थांबायलाही सवड लागते आणि ती घरातल्या बाकीच्यांनी द्यायची असते. ते दिवस गॅसवर काढा, तीन विटा मांडा, शेजारी विचारा. "आज पेटवली तर काय होतं?" हा प्रश्न मात्र घरातल्या पुरुषांनी विचारू नये.

लाकडाची चूल कितीही नीट लिंपली तरी गॅसची बरोबरी करणार नाही, हे मान्यच. रोजचा स्वयंपाक गॅसवरच व्हावा. पण जोवर चूल पेटतेय तोवर तिचा सांधा तरी धड असू द्या. आणि पुढेमागे कुठली योजना आलीच, तर चूल बसवणाऱ्याला दुसऱ्या फेरीचेही पैसे द्या, सांधा वाळल्यावर येऊन बघायचे.

असो. तुमच्याकडे चुलीला किती दिवस वाळवतात? जरूर कळवा.