जखमी कोंबडी आणि तिच्या मैत्रिणी

दिवाळीत माणसांच्या अंगावर नवे कपडे चढतात, त्या सुमारास कोंबड्यांच्या अंगावरचे जुने उतरू लागलेले असतात. दिवस लहान होऊ लागला की कोंबडी पिसे टाकते आणि नवी धरते. नवे पीस कोवळे असते तेव्हा त्याच्या नळीत रक्त खेळत असते. ते मोडले की लाल ठिपका दिसतो, ठिपका दिसला की शेजारीण चोच मारते, आणि एकीने मारली की साऱ्या आळीला तो आपला हक्क वाटू लागतो. त्यात फटाके! लवंगी माळ कडाडली की अंगणातल्या कोंबड्या सैरावैरा पळून जाळीवर, तारेवर आणि एकमेकींवर आदळतात. तेव्हा अंकाच्या इतर पानांवर चकली खुसखुशीत कशी करावी याची चर्चा चालू असताना या सदराने जखमी कोंबडीचा विषय काढला, तर वाचक-भगिनी रागावणार नाहीत अशी आशा आहे.

“त्यात सांगायचे काय? संध्याकाळी रस्सा!” असे उत्तर घरातल्या पुरुषमंडळींकडून येईल हे मी धरूनच चालले आहे. पण बंगल्याच्या मागच्या अंगणात किंवा गावाकडच्या घरी हौसेने चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबांत हे उत्तर चालत नाही. मुलांनी प्रत्येकीचे नाव ठेवलेले असते, आणि नाव ठेवलेल्या कोंबडीचा रस्सा कोणाच्या घशाखाली उतरत नाही. शिवाय ज्यांच्या घरी कोंबडी ही हौस नसून पोटापाण्याची बाब आहे, तेही वाटते तितक्या सहजासहजी सुरी काढत नाहीत. ही गोष्ट मी पाहिली ती भीमाशंकरच्या डोंगरात.

मंचरवरून घोडेगाव, आणि डिंभे धरण मागे टाकून रस्ता वर चढू लागला की महादेव कोळ्यांच्या वाड्या लागतात. भात, नाचणी, वरई आणि जंगलातला हिरडा यांवर तिथला संसार चालतो. कोंबड्या असतात त्या बहुधा घरातल्या बाईच्या. अंडी आणि पिले विकून आलेला पैसा तिच्या हाताचा; त्याचा हिशेब ती दुसऱ्या कोणाला देत नाही. अंड्यावरची किंवा पिलांची कोंबडी जखमी झाली तर तिथे नुकसान रश्श्याने भरून येत नाही. पिले घारीच्या तोंडी जातात आणि पुढच्या चार महिन्यांची मिळकतही जाते.

अशा एका घरी पडवीत एक तांबडी कोंबडी डालग्याखाली झाकलेली होती. मानेमागचे कातडे रुपयाएवढे सोललेले, त्यावर हळद. हे काम मुंगसाचे नव्हे, तिच्याच मैत्रिणींचे. त्या मैत्रिणी डालग्याभोवती निर्धास्त फिरत होत्या, मधूनच फटींतून आत डोकावत होत्या. मला तो क्रूरपणा वाटला. बिचारीला आतल्या अंधाऱ्या खोलीत शांतपणे का ठेवत नाही, असे मी विचारले. म्हातारीने तांदूळ पाखडता पाखडता उत्तर दिले, “पार लांब ठेवली तर बाकीच्या तिला इसरत्याल. दिसाया हवी, पर चोच पोचाया नको.”

एवढ्या एका वाक्यात निम्मे कोंबडीशास्त्र आले. उरलेले निम्मे समजायला आपल्याला नॉर्वेपर्यंत जावे लागते. थोरलेफ श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या एका नॉर्वेजियन गृहस्थाने लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण केले आणि १९२२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोण कोणाला टोचते याची त्याने नोंद ठेवली, तेव्हा त्याला दिसले की कळपात गोंधळ नसून उतरंड आहे. पहिली सर्वांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून इतरांना, आणि असे खाली खाली जात शेवटचीला टोचायला कोणीच उरत नाही. (एकत्र कुटुंबात नांदलेल्या भगिनींना हे समजावून सांगण्याची गरज नसावी.) ही उतरंड एकदा ठरली की मारामाऱ्या कमी होतात, नुसती मान उंच केली की काम भागते. पण ती टिकते ओळखीवर. दोन-तीन आठवडे एखादी नजरेआड झाली, तर परतल्यावर ती परकी ठरते आणि तिला आपली जागा पहिल्यापासून लढून मिळवावी लागते. दुखऱ्या मानेने ती काय लढणार? घरमालकीण जीव तोडून पंधरा दिवस शुश्रूषा करते आणि सोळाव्या दिवशी अर्ध्या तासात त्या शुश्रूषेचा चुराडा होतो, त्याचे कारण हे.

मग निसर्गात कसे चालते, असा प्रश्न कोणी करील. भीमाशंकरच्या जंगलात, जे १९८५ पासून अभयारण्य आहे, पहाटे राखी रानकोंबड्याची आरव ऐकू येते. आपल्या पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष हा नव्हे. तो मान उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या जंगलांतल्या तांबड्या रानकोंबड्याचा. पण पिवळ्या कातडीची देणगी मात्र आपल्या या सह्याद्रीतल्या भाऊबंदाकडून आली असावी, असे २००८ मध्ये झालेल्या संशोधनात दिसून आले. सांगायचा मुद्दा असा की रानात हे पक्षी जोडीने किंवा लहान टोळीने राहतात, आणि हरलेल्याला झुडपाआड पळून जायला वाट असते. खुराड्यात हरणारी तीच, मारणारी तीच, फक्त पळायची वाट आपण बंद केलेली असते. कोंबड्यांचा स्वभाव बदललेला नाही, जागा बदलली आहे. म्हणून भांडखोर कोंबड्यांचा इलाज करायचा म्हणजे कोंबड्यांचा नव्हे, खुराड्याचा करायचा.

त्याकडे वळण्याआधी जखमेचे बघू, कारण रक्त वाहत असताना व्याख्यान झोडणे बरे नव्हे.

कोंबडी धरावी ती शक्य तर संधिप्रकाशात, आणि जुन्या पंचात सैलसर गुंडाळावी. ‘सैलसर’ हा शब्द महत्त्वाचा. पक्ष्याच्या छाती-पोटामध्ये आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो. छातीचा पिंजरा हलला तरच श्वास चालतो. मुले प्रेमाने घट्ट कवटाळतात आणि कोंबडी त्या प्रेमानेच गुदमरते. हाताला अंग कढत लागले तर ताप आला म्हणून घाबरू नये. तिचे नेहमीचे तापमानच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. घाबरावे ते रक्ताला. दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात सारे मिळून रक्त साधारण शंभर मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक लहान कप. म्हणून आधी स्वच्छ फडके जखमेवर दाबून पाच-सात मिनिटे धरावे आणि मध्ये उचलून बघू नये. नख किंवा पिसाची नळी मोडून रक्त येत असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबले तरी भागते.

रक्त थांबल्यावर जखमेच्या कडेची पिसे कात्रीने आखूड करावी, उपटू नयेत. लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात दीड चमचा मीठ घालून जखम भरपूर धुवावी. मग बीटाडीन पाण्यात पातळ चहाच्या रंगाइतके करून लावावे. हळदीला माझा विरोध नाही, पण न धुतलेल्या जखमेवर हळद थापणे म्हणजे केर न काढता रांगोळी घालणे होय. पूर्वी जांभळे औषध लावीत. त्याने लाल रंग झाकला जाई हा गुण खरा, पण अंडी-मांसासाठी पाळलेल्या जनावरांवर ते वापरायला आता अनेक देशांत मनाई आहे, तेव्हा आपणही नको. बधिर करणारी मलमे आणि आपल्या डोकेदुखीच्या गोळ्या तर मुळीच नकोत.

पहिला दिवस ऊब, अंधूक उजेड आणि पाणी एवढेच पुरे. खाणे दुसऱ्या दिवशी: भिजवलेल्या कण्या, थोडे उकडलेले अंडे. (होय, कोंबडीला अंडे. ती कोणताही संकोच न करता खाते.) माश्यांपासून मात्र डोळ्यांत तेल घालून जपावे. दमट हवेत एका दिवसात जखमेत अळ्या होतात, आणि पिसांखाली त्या दिसत नाहीत, फक्त वास येतो. पक्ष्याचा पू आपल्यासारखा वाहत नाही, घट्ट होऊन गोळा बनतो. तेव्हा जखम कोरडी दिसली म्हणून ती बरी झाली असे नव्हे.

पोट फाटले असेल, मांजराचे किंवा कुत्र्याचे दात रुतले असतील, पंख लोंबत असेल, तर घरगुती उपाय करीत न बसता डॉक्टर गाठावा. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. मुंबईकरांना परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय ठाऊक आहेच. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले तर किती दिवस अंडी खायची नाहीत हे त्यांनाच विचारून घ्यावे. आणि कधी कधी डॉक्टर मान हलवतात. अशा वेळी तिला वेदनेतून सोडवणे हीदेखील शुश्रूषाच आहे. हे मुलांपासून लपवू नये. कोंबडी “मामाच्या गावाला गेली” ही थाप आठ वर्षांचे मूलही ओळखते.

आता डालगे. ते नसेल तर जाळीचा कप्पा, उलटी ठेवलेली फळांची हवेशीर क्रेट, काहीही चालेल. जखम ओली आहे तोवर एक-दोन दिवस घरात ठेवावी, पण नंतर कळपाच्या नजरेसमोर आणावी. फट इतकी बारीक हवी की बाहेरची चोच आत जाऊ नये. दाणे डालग्याच्या आत आणि बाहेर एकाच वेळी टाकावे, म्हणजे एका पंगतीत जेवल्यासारखे होते. जखमेवर नवे कातडे येऊन लाली गेली आणि पिसांची खुंटे झाकली गेली, की मगच तिला मोकळी करावी. प्रथम सर्वांत गरीब स्वभावाच्या एकीबरोबर, दिवसातून तासभर. जमले तर सगळ्यांत. अनेकजण रात्री झोपलेल्या कळपात गुपचूप नेऊन बसवतात. त्याने पहिला धक्का ओसरतो हे खरे, पण सकाळी उजाडायच्या आत तुम्ही तिथे हजर हवे, ही अट ते सांगायला विसरतात.

एकच दांडगी साऱ्यांना छळत असेल तर उलट करावे. जखमीला नव्हे, दांडगीलाच काढून चार-सहा दिवस वेगळी ठेवावी, आणि तीही नजरेआड. तेवढ्यात उतरंड तिच्याविना बसते. परत येते ती नव्या सुनेसारखी, खालमानेने. हा उपाय मी अनेक घरी यशस्वी झालेला पाहिला आहे, आणि त्यात एक प्रकारचा न्यायही आहे.

पण साऱ्याच एकमेकींची पिसे उपटत असतील तर दोष त्यांचा नव्हे. माती उकरणे हा कोंबडीचा दिवसभराचा धंदा. उकरायला जमीन मिळाली नाही की ती शेजारणीचे अंग उकरते. भीमाशंकरच्या पावसात आठ-आठ दिवस कोंबड्या पडवीतच कोंडल्या जातात आणि नेमकी तेव्हाच टोचाटोची वाढते. शहरातल्या खुराड्यात तो पावसाळा बारमाही असतो. रात्रीच्या निवाऱ्यात एकीला चार चौरस फूट आणि बाहेर दहा, एवढी जागा धरावी. दाणे ताटलीत न देता पालापाचोळ्यात विखरावे, कोथिंबिरीची किंवा मेथीची जुडी उंच टांगावी, राखमातीची एक पाटी अंग घोळायला ठेवावी, आणि पाण्याची भांडी दोन ठिकाणी, म्हणजे दांडगीला दोन्हीकडे पहारा देता येत नाही. आडोशाला एक फळी उभी केली तरी मार खाणारीला दृष्टीआड होता येते. नुसत्या तांदळावर आणि शिळ्या पोळीवर वाढणाऱ्या कोंबडीला प्रथिने कमी पडतात, तेव्हाही ती पिसे खाते; शेंगदाण्याची पेंड किंवा सुकटीचा चुरा द्यावा. आठ-दहा कोंबड्यांत कोंबडा एकच हवा. दोन झाले तर कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडतात.

अमेरिकेत यावर एक मजेदार तोड निघाली होती. कोंबड्यांच्या डोळ्यांना लावायच्या चष्म्याचे पेटंट तिथे १९०३ साली देण्यात आले, आणि पुढे लाल काचांचे चष्मे बाजारात आले. सारे जगच लाल दिसले की रक्ताचा ठिपका वेगळा उठून दिसत नाही, ही त्यामागची युक्ती. मेथीची जुडी स्वस्त पडते असे माझे मत आहे.

जाता जाता दोन सूचना. रानात जखमी रानकोंबडा सापडला तर तो घरी आणू नये. तो कायद्याने संरक्षित आहे, वनखात्याला कळवावे. आणि मान वाकडी होऊन पडणे किंवा एकामागून एक मरणे ही जखमेची लक्षणे नव्हेत. ती मानमोडीची किंवा बर्ड फ्लूची असू शकतात. २००६ साली नवापुरात काय झाले ते आपल्याला आठवत असेल. अशा वेळी पक्ष्यांना हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवावे.

बऱ्या झालेल्या कोंबडीकडून लगेच अंडे मागू नये. नवे कातडे आणि नवी पिसे यांतच तिचे सारे प्रथिन खर्ची पडते, आणि सध्या तर तिच्या मैत्रिणीही पिसे टाकून बसल्या आहेत. संक्रांतीच्या सुमारास दिवस वाढू लागला की एखाद्या सकाळी खुराड्यातून तो ओळखीचा कलकलाट ऐकू येईल. तोवर ऑम्लेटला अंडी वाण्याकडून आणावीत.