घरची गाडी : दुसरी टाकी जागी ठेवा

बेरसियाकडील गावांतून पहाटे भोपाळच्या करोंद मंडईत भाजीपाला आणणाऱ्या जुन्या पिकअप गाड्यांपैकी काहींना इंधनाची दोन पात्रे असतात : एक पेट्रोलची टाकी व दुसरे सीएनजीचे सिलिंडर. गॅस स्वस्त पडतो, म्हणून रोजची वाट त्यावरच कापली जाते आणि पेट्रोल अडीअडचणीसाठी राखून ठेवले जाते. अडचण मात्र कळवून येत नाही. रात्री घरातील वृद्धास रुग्णालयात न्यावयाचे आहे, गॅस संपला आहे, आणि पेट्रोलचे बटण दाबताच इंजिन आचके देऊन बंद पडते. असे का व्हावे?

वाचकहो, दोष शोधताना प्रथम एकच प्रश्न विचारावा : बिघाड दोन्ही इंधनांवर होतो की एकावरच? दोन्हींवर होत असेल, तर स्पार्क प्लग, हवेची गाळणी व विजेच्या तारा पाहाव्यात. केवळ पेट्रोलवर होत असेल, तर दोष टाकीपासून इंजिनापर्यंतच्या वाटेत आहे.

पेट्रोल साठवून ठेवण्याची वस्तू नव्हे. महिनोन्‌महिने पडून राहिले की त्यातील हलका अंश उडून जातो व चिकट राळ उरते. शिवाय 2025 पासून आपल्याकडील पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी तळाशी बसते, पत्र्याची टाकी गंजते आणि तो गंज गाळणीत अडकतो. जुन्या रबरी नळ्याही फुगतात किंवा चिरतात. म्हणून तळातील थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवावे. खाली निराळा थर दिसला, तर टाकी रिकामी करून धुवून घ्यावी व गाळणी बदलावी. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरविताच पंपाची क्षणभर घरघर ऐकू येते. ती न आल्यास आधी फ्यूज तपासावा. हा पंप टाकीतील पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून टाकी कधीही कोरडी पडू देऊ नये.

बिघाड केवळ गॅसवर होत असेल, तर सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, एवढेच घरी पाहावे. गळती दिसल्यास सिलिंडरची झडप बंद करावी. नळीत सुमारे 200 बार दाब असतो, तेव्हा पाना लावण्याचे काम अधिकृत कारागिराचेच. सिलिंडरची दाबचाचणी दर 3 वर्षांनी करून घ्यावी. हे सर्व उघड्यावर करावे. काडी किंवा विडी जवळ नको, कारण गॅस वर जातो, परंतु पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते.

भोपाळात ‘गॅस’ म्हटले की 1984 च्या 2 व 3 डिसेंबरमधली रात्र आठवते. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि मिथिल आयसोसायनेट हा विषारी, हवेहून जड वायू वस्त्यांवर पसरला. गाडीतला गॅस निराळा. तो मुख्यतः मिथेन असून हवेहून हलका आहे. तथापि त्या रात्रीचा एक धडा येथेही लागू पडतो. कारखान्यात टाकी थंड ठेवणारे यंत्र होते, पण ते बंद होते. वायू जाळून टाकणारा मनोराही होता, पण त्याची नळी जोडलेली नव्हती. साधन असणे वेगळे आणि ते कामास तयार असणे वेगळे.

म्हणून आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी. टाकीत निदान पाव भाग पेट्रोल असू द्यावे व ते दोन महिन्यांच्या आत वापरून नवे भरावे. या चार पैशांच्या खर्चाकडे तोटा म्हणून पाहू नये. रुग्णाला घेऊन निघालेली गाडी वाटेत थांबू नये, याची ती किंमत आहे.