अंथरूण लहान म्हणून पाय कापावेत काय?

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मेनफ्रेम संगणकावर काम करणाऱ्यांनी मात्र ही म्हण जरा जपूनच पाळावी, असे मला वाटते.

आपल्या बऱ्हाणपुरात मागावर ताणा चढवण्यापूर्वीच फणी कोणती, सूत कोणते, हे ठरवावे लागते. कोबोलमधील आज्ञावली यंत्रभाषेत उतरवणाऱ्या कंपायलरलाही असेच आधी बजावावे लागते. या सूचनांना ‘ऑप्शन्स’ म्हणतात. त्या जेसीएलमधील ‘पार्म’ या जागेत लिहितात. आयबीएमच्या मेनफ्रेमवर ही जागा अवघी १०० अक्षरांची. स्वल्पविरामही त्यातच मोजायचे. ८० रकान्यांच्या छिद्रपत्रांच्या काळातली ही रीत. पुढे सूचना वाढल्या, जागा तेवढीच राहिली.

मग काटछाट सुरू होते. ‘एसएसरेंज’चे ‘एसएसआर’ केले, इथवर ठीक. परंतु जागा नाही म्हणून ती सूचनाच गाळली, तर कोष्टकाची हद्द ओलांडणारा क्रमांक पकडणारा पहारेकरी आपणच घरी पाठवला! ‘अरिथ’ची विस्तारित सूचना गाळली, तर दशांश संख्येची मर्यादा ३१ अंकांवरून १८ वर येते. बँकेच्या हिशेबात हे परवडेल काय?

वाटा आहेत. आज्ञावलीच्या माथ्यावरच ‘सीबीएल’ किंवा ‘प्रोसेस’ ही ओळ लिहिता येते. अथवा पार्ममध्ये ‘ऑप्टफाइल’ एवढेच लिहून बाकी सूचना वेगळ्या फाइलीत ठेवता येतात. २०१३ साली झेड-ओएसच्या २.१ आवृत्तीत ‘पार्मडीडी’ आले. त्यात ३२,७६० अक्षरे मावतात. मात्र समोरच्या प्रोग्रॅमला ती घेता आली पाहिजेत.

माझे मत असे, की ज्या सूचनेवर उत्तराचा खरेखोटेपणा अवलंबून आहे, ती आज्ञावलीच्या माथ्यावरच असावी. शंभर आज्ञावल्यांत तीच ओळ कोण लिहीत बसणार, असे कोणी म्हणेल. ज्या सूचना सर्वांना समान, त्या खुशाल फाइलीत ठेवाव्यात. एक सावधगिरी मात्र हवी. माथ्यावरची सूचना पार्मवर मात करते. हे ठाऊक नसलेला माणूस पार्म बदलत राहतो आणि फरक पडत नाही म्हणून कपाळावर हात मारतो. म्हणून कंपायलर शेवटी लागू सूचनांची जी यादी छापतो, ती वाचल्याशिवाय काम संपले असे मानू नये.

आपल्यापैकी काही जण उद्या पुण्या-मुंबईत अशा जुन्या आज्ञावल्या सांभाळतील. अंथरूण अपुरे पडले, तर दुसरे मागून घ्यावे. पाय कापू नयेत.